आठवड्याला एक वाफा

मेथी एकाच दिवशी पेरली की महिनाभरात सगळीच एकदम काढणीला येते. बाजारात भाव पडतो, उरलेल्या जुड्या गुरांपुढे जातात. तेच वाफे आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरले, तर दर बाजाराला थोडी ताजी भाजी निघते.

असं थोडं-थोडं पेरायला मोठं शेत लागत नाही. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या महिलांसोबत उभ्या राहिलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने पुढे दुष्काळात एक एकराची शेती रुजवली. घरच्या जमिनीतला एकरभर, कधी अर्धाच तुकडा बाईने मागून घ्यायचा. त्यात भाज्या, डाळी, ज्वारी लावायची. आधी घरात खायला, उरेल ते बाजाराला. 2016 साली संस्थेला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात दुष्काळामुळे मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होतं! मला विचाराल तर या एकराच्या शेतीत पिकं निवडणं सोपं. नवऱ्याकडून, सासऱ्यांकडून तुकडा मागून घेणं अवघड.

नांदेडकडे अर्धापूरची केळी घडाने निघतात, गाडी भरते. भाजीचं तसं नाही, ती रोज हात मागते. म्हणून तिची तयारी घरातच सुरू होते. खुरपं, विळा, सुतळी, काटा, सुट्टे पैसे बाजाराच्या आदल्या रात्री एकाच टोपलीत ठेवले, तर पहाटे घर धुंडाळावं लागत नाही. बियाणं राखेत घालून डब्यात ठेवावं आणि डब्यावर नाव टाकावं. आणि पेरणीची तारीख? भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी तेवढी जागा असतेच.