कंदील जायचाच होता, कसब का गेलं?

उंब्रजच्या एसटी स्टँडवर कुणीतरी सहज बोलून गेलं, "वीज आली, कंदील गेला. ओगलेवाडी बसणारच होती." तेव्हापासून हे वाक्य डोक्यात घोळतंय.

ओगले बंधूंनी १९१६ मध्ये कराडजवळ ओगलेवाडीचा काचकारखाना काढला, औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी पाठबळ दिलं, वडिलांच्या नावाचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला, हे कराडकडच्या माणसाला सांगायला नको. कंदील जायलाच हवा होता. काजळलेली काच राखेनं पुसून, वात कातरून, डोळे चोळत अभ्यास करणं पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये. पण माल संपणं वेगळं आणि कसब संपणं वेगळं. फुंकणीच्या टोकावरचा लालबुंद रस गोल फिरवत त्यात फुंकर भरायची, आत ज्योत नि बाहेर पावसाळी वारा असला तरी तडकणार नाही अशी काच काढायची, ही विद्या वीज आल्यानं निरुपयोगी होत नाही. तेव्हाच्या विजेच्या दिव्यालाही काच लागायचीच.

ओगलेवाडीचा कारखाना बंद पडला, मग किर्लोस्करवाडी कशी टिकली? तीही औंधच्याच आश्रयानं १९१० मध्ये उभी राहिली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतकरी घेईनात. लोखंडानं जमिनीत विष उतरतं अशी समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे तोच कारखाना पंपांकडे वळला आणि आजही पंप करतो. नांगर मागे पडला, ओतकाम राहिलं. यावरून मी म्हणत असे, ओगलेवाडीत दूरदृष्टी कमी पडली.

आता तसं म्हणवत नाही. ओतशाळेत साचा बदलला की माल बदलतो. काचेची भट्टी मात्र रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. मागणी घटली म्हणून ती विझवून विचार करत बसता येत नाही. शिवाय एका घराण्याच्या दूरदृष्टीवर अख्ख्या वाडीच्या चुली अवलंबून ठेवणं हाच मुळात जुगार. वळण घ्यायला लागणारी उसंत सरकारनं आणि समाजानं द्यायला हवी: शेजारी दुसरा कारखाना, कारागिरांना नवं शिकवणारी शाळा, मधल्या काळात घर चालेल एवढा पगार.

आमच्या भागात आज सगळी भिस्त उसावर आहे. सहकारी साखर कारखान्याला मालक एक नाही, सभासद हजारो. पण पीक एकच. गाळप जोरात चालू आहे तोवरच दुसऱ्या धंद्याचा पाया घातला पाहिजे. सभासदांनी वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर हाही प्रश्न विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये.