८० पूर्व, ५८० पश्चिम

कॅलिफोर्नियात बर्कलीजवळ खाडीच्या काठाने जाणारा महामार्गाचा एक पट्टा दोन आंतरराज्य मार्गांमध्ये सामायिक आहे. त्यावरून जाणाऱ्याला एकाच बाजूला ‘८० पूर्व’ आणि ‘५८० पश्चिम’ अशा दोन्ही पाट्या दिसतात, आणि गाडी धावत असते उत्तरेला. यात कोणाची चूक नाही. अमेरिकी पाटीवरची दिशा त्या जागेची नसते, अख्ख्या मार्गाची असते. ८० क्रमांकाचा मार्ग पूर्वेला न्यू जर्सीपर्यंत जातो, ५८० चे पश्चिम टोक सॅन राफेलला आहे. मग डिजिटल नकाशा करणाऱ्याने या पट्ट्यावर काय लिहावे? प्रश्न तांत्रिक दिसतो, पण दिशा राहते कुठे, रस्त्यात की प्रवाशात, हा त्याच्या पोटातला प्रश्न आपल्या दर्शनांना फार जुना आहे.

वैशेषिकांनी नऊ द्रव्यांत दिक् हे एक द्रव्य मानले, पण ते एकच, नित्य आणि सर्वव्यापी. पूर्व-पश्चिम हे भेद त्याचे स्वतःचे नव्हेत. सूर्याच्या संयोगामुळे ते आपण पाडतो. बर्कलीच्या पट्ट्यावर हे मत कसाला लागते. दिशा हा डांबराचा गुण मानला, तर एकाच जागी पूर्व आणि पश्चिम असे परस्परविरुद्ध गुण नांदतात असे म्हणावे लागेल. गाडीचा गुण मानला, तर गाडी तिसरीकडेच चालली आहे. उरतो तो संबंध: हा पट्टा कोणत्या मार्गाचा अवयव आहे आणि त्या मार्गाच्या कोणत्या टोकाकडे आपले तोंड आहे. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या डिजिटल नकाशाची मांडणी नेमकी अशीच आहे. रस्त्याचा तुकडा ही एक नोंद, मार्ग ही दुसरी. तुकडा मार्गाचा सदस्य होतो, आणि दिशा लिहिली जाते ती मार्गाच्या नोंदीवर किंवा त्या सदस्यत्वावर. एकच तुकडा दोन मार्गांचा सदस्य होऊ शकतो, त्यामुळे विरोध उरतच नाही. ही मांडणी करणाऱ्यांनी वैशेषिकांचे आद्य आचार्य कणाद यांचे नावही बहुधा ऐकले नसेल. अडचण तीच असली की वाटही तीच सापडते.

यावर कोणी म्हणेल, होकायंत्र उत्तर दाखवत असताना ‘पूर्व’ लिहिणे हे शुद्ध खोटे आहे. पण पंचवटीजवळ गोदावरी दक्षिणवाहिनी होते म्हणून तिला पूर्ववाहिनी म्हणणे खोटे ठरत नाही. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. नैयायिक ज्ञानाचा खरेपणा सफल प्रवृत्तीवरून ओळखतात: पाणी समजून गेलो आणि तहान भागली, तर ते ज्ञान खरे. पण बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने दाखवले की भ्रमही कधी फळ देतो. रत्नाच्या प्रभेलाच रत्न समजून धावणारा चुकलेला असतो, तरी त्याला रत्न मिळते. तेव्हा ‘८० पूर्व’ पाहून माणूस मुक्कामी पोचला, एवढ्याने पाटी खरी कशी ठरावी? इथे बाधाचा, म्हणजे नंतरच्या ज्ञानाने आधीचे खोटे ठरण्याचा, विचार करायला हवा. प्रभेला रत्न म्हणणाऱ्याला जवळ गेल्यावर आपले म्हणणे मागे घ्यावे लागते. ‘८० पूर्व’ वाचणाऱ्याने मात्र आपण पूर्वेला तोंड करून आहोत असे मानलेलेच नसते. ८० च्या पूर्व टोकाकडे नेणारी ही बाजू, एवढेच त्याने मानलेले असते. पोचल्यावर त्यातले काहीच मागे घ्यावे लागत नाही. संकेत ठाऊक नसलेला परका प्रवासी संध्याकाळी डाव्या हाताला सूर्य पाहून गोंधळेल हे खरे; पण तिथे पाटी खोटी नाही, संकेताची ओळख अपुरी आहे.

संकेत म्हटला की स्वैरपणाची शंका येतेच. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य, असे मीमांसक म्हणतात. नैयायिकांच्या मते तो संकेताने ठरलेला. आपले राष्ट्रीय महामार्ग नैयायिकांच्या बाजूने साक्ष देतात. पनवेल ते कोची धावणारा १७ क्रमांकाचा महामार्ग २०१० च्या फेररचनेत ६६ झाला आणि पुढच्या रस्त्याला पोटात घेऊन कन्याकुमारीपर्यंत लांबला. कोकणातला घाट मात्र जागचा हलला नाही. तरीही नकाशा करणाऱ्याला मनाला येईल तो आकडा लिहिण्याची मुभा मिळत नाही, कारण संकेत ठरवणारा तो नव्हे. त्याने ६६ लिहावे आणि जुना १७ वेगळ्या रकान्यात ठेवावा, म्हणजे लोकांच्या तोंडी टिकलेल्या आकड्याने शोधणाऱ्यालाही रस्ता सापडेल.

दिशेच्या बाबतीत तर भारतीय संकेत वेगळाच आहे. नव्या पद्धतीत सम क्रमांक उत्तर-दक्षिण मार्गांना आणि विषम क्रमांक पूर्व-पश्चिम मार्गांना आहेत, म्हणजे अमेरिकेच्या बरोबर उलट; आणि आपल्या पाट्या दिशा नव्हे, गावे सांगतात. अमेरिकी नमुना उचलून कोणी नकाशात ‘६६ दक्षिण’ असे लिहिले, तर होकायंत्र त्याला दुजोरा देईल. पण त्या रस्त्यावर चालकाची नजर महाड, चिपळूण ही नावे शोधत असते, आणि ‘दक्षिण’ त्याला एकाही फलकावर दिसणार नाही. बर्कलीत होकायंत्राशी न जुळणारी नोंद योग्य आणि कोकणात तंतोतंत जुळणारी नोंद अयोग्य, हे विचित्र वाटेल. दिशा जमिनीत पुरलेली असती, तर ते विचित्र ठरलेही असते.