हिरवं म्हणजे चारा?

बुलढाणा जिल्ह्यातल्या डोंगरउतारांवर पावसाळ्यात मारवेल, कुसळी वाढते. ढग नसतील तर सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांना दर पाच दिवसांनी ती दिसते. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि अवरक्त प्रकाश परतवतं. त्या फरकावरून १० मीटरच्या चौकटीतली हिरवाई मोजता येते.

पण गाजरगवत आणि तरोटाही हिरवेच. गाय त्यांना सहसा तोंड लावत नाही. उलट मार्चमधलं वाळलेलं गवत याच आकड्यात उघड्या मातीच्या जवळ जातं, आणि गुरं तर त्यावरच उन्हाळा काढतात.

उपग्रह विचारलं तेवढंच सांगतो. नाव माणूस देतो. वऱ्हाडात सरकारी चराऊ जमिनीला ‘ई-क्लास’ म्हणतात. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात मात्र खालावलेली कुरणं ‘पडीक’ या सदरात येतात. पडीक म्हटलं की जमीन कुणाच्याच उपयोगाची नाही, असा अर्थ निघतो, आणि मग ती दुसऱ्या कामाला देणं सोपं होतं.

चारा कशाला म्हणायचं, हे खाणाऱ्या जनावरावर ठरतं, आणि ते गुराख्याला ठाऊक असतं. आकडा पडताळायला गवत कापून, वाळवून तोलतात. त्याच फेरीत त्यालाही विचारायला हवं. न विचारता शिक्का मारला, तर मोजमाप बरोबर येऊनही अन्याय होतो. त्याची जबाबदारी उपग्रहावर ढकलता येत नाही.