चुकावं कसं?

नेम कसा धरावा हे शिकवणारे गुरू आपल्याकडे द्रोणाचार्यांपासून गल्लीतल्या कॅरमपटूंपर्यंत पैशाला पासरी मिळतात. पण नेम चुकल्यावर वस्तू कुठं जाऊन पडावी, याचा विचार खुद्द द्रोणाचार्यांनीही केलेला दिसत नाही. अर्जुनाला म्हणे पक्ष्याचा फक्त डोळा दिसत होता. दिसू दे. पण बाण हुकता तर पलीकडे कुणाच्या पर्णकुटीत शिरता, हे त्याला कुणी विचारलं नाही.

हा विचार केला तो अमेरिकेतल्या तबकडीवाल्यांनी. आमचा एक पुतण्या कॅलिफोर्नियात दर रविवारी 'डिस्क गोल्फ' खेळतो. गोल्फच, पण काठी नाही, चेंडू नाही आणि फारशी श्रीमंतीही नाही. फ्रिस्बीसारखी तबकडी भिरकवायची आणि कमीत कमी फेकींत ती खांबावरच्या टोपलीत घालायची. टोपलीवर साखळ्या लोंबतात. तबकडी त्यांवर आपटते आणि खळ्ळकन खाली पडते. या खेळाचं पहिलं कायमचं मैदान १९७५ साली लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कात झालं. साखळ्यांची टोपली काढणारे एड हेड्रिक २००२ साली वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार त्यांची रक्षा मिसळून तबकड्या तयार करण्यात आल्या. आपण अस्थी नाशिकला नेतो, त्यांनी टोपलीकडे धाडल्या. ज्याची त्याची गोदावरी!

तर टोपलीजवळ आल्यावर या मंडळींत दोन पंथ पडतात. फिरकीवाले मनगटाला झटका देऊन तबकडी सरळ आणि वेगात सोडतात. लागली तर साखळ्या वाजतात. हुकली तर ती पलीकडच्या उतारावरून अशी काही निघते, की मालकाला पुढचे चार विनोद पळतपळतच ऐकावे लागतात. ढकलवाले हात खालून वर नेत, फारशी फिरकी न देता, ती अलगद कमानीत सोडतात. हुकली तरी टोपलीच्या पायाशी पडते. वाऱ्यात मात्र तिचा पतंग होतो. आणि दहा मीटरांच्या आत असलात, तर फेकल्यावर तोल सावरून उभं राहायचं, तोल जाऊन पुढं पडायचं नाही, असा नियमच आहे. हा नियम आमच्या काही पुढाऱ्यांना लावला तर किती जण खेळात राहतील कोण जाणे.

आम्ही मनातल्या मनात फिरकीवाल्यांना शूर आणि ढकलवाल्यांना कारकून ठरवून टाकलं होतं. ते डहाणूजवळच्या कैनाडला चिंचेखाली गोट्या पाहीपर्यंत टिकलं. एक पोरगा अंगठा जमिनीला टेकवून, मधलं बोट ताणून सणसणीत मारत होता. दुसरा हळूच ढकलून गोटी गलीच्या काठाशी नेऊन ठेवी. "अरे, मार की जोरात!" आम्ही शहरी उत्साहानं म्हणालो. त्यानं वरही न पाहता सांगितलं, "गवतात जाईल. माझी एकच आहे." पहिल्याच्या चड्डीचा खिसा गोट्यांनी खुळखुळत होता.

तेव्हापासून शौर्याबद्दल कुणी बोलू लागलं, की आम्हांला आधी त्याचा खिसा पाहावासा वाटतो. बक्षीस समारंभात 'ध्येय उंच ठेवा' म्हणणाऱ्या पाहुण्यांच्या चिरंजीवांनी तीन धंदे बुडवलेले असतात. चौथ्याचं भांडवल तीर्थरूपांकडे तयार असतं. त्याला आपण धडाडी म्हणतो. पाड्यावरचा मुलगा मिळेल ती नोकरी धरतो, त्याला म्हणतो, 'यांना महत्त्वाकांक्षाच नाही हो!'

पण म्हणून ढकलतच राहावं, असंही म्हणवत नाही. कैनाडच्या बाजूला आमचे एक शिक्षकस्नेही आहेत. त्यांच्या हाताखालून गेलेली एक मुलगी बारावीनंतर डॉक्टरकीच्या 'नीट'ला बसली आणि थोडक्यात हुकली. नर्सिंगला जागा मिळते आहे. एक वर्ष थांबून पुन्हा बसू का, म्हणून ती मास्तरांना विचारते. आणि मास्तर, कुणी सापडलं नाही म्हणून, आम्हांला. नर्सिंग घेतलं तर घरात तीन-चार वर्षांत पगार येईल, हे खरं. पण सगळ्याच पाड्यांवरच्या सगळ्याच मुलींनी टोपलीच्या पायाशीच पडायचं ठरवलं, तर साखळ्या वाजवणार कोण? बरं, वर्ष थांबवलं आणि पुन्हा हुकली, तर उतारावरून तबकडी आणायला जाणार कोण? आम्ही तर चहा पिऊन तीनच्या गाडीनं परत येणार.

"तुम्ही म्हणाल ते," मास्तर म्हणाले. आम्ही म्हटलं, "मास्तर, आधी हिशेब मांडा." त्यांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर मांडला : क्लास, पुस्तकं, राहणं-खाणं, आणि ती शेतात नसेल त्या दिवसांची मजुरी. शेवटची ओळ आम्हांला सुचली नसती.

पत्रिका आमच्याकडे आहे. एक आकडा आम्ही आमच्या नावावर लिहिला, बाकीचा पुतण्याला कळवलाय. अजून उत्तर नाही. तिकडे रविवार असावा.