शेजारधर्म आणि शफाअम्र

मराठीत ‘शेजारधर्म’ असा एक शब्द आहे. शेजाऱ्याप्रती असलेल्या कर्तव्यालाच धर्म म्हटल्यामुळे शेजाऱ्याचा धर्म कोणता, हा प्रश्न त्यात आपोआपच मागे पडतो. सहिष्णुतेचे तसे नाही. तिला आधी भेद मान्य करावा लागतो आणि मग तो सोसावा लागतो. हे दोन भाव एकच की वेगळे, हे तपासण्यासाठी इस्राएलमधील गॅलिली प्रांतातले शफाअम्र हे सुमारे ४० हजार वस्तीचे अरब गाव पाहण्यासारखे आहे. येथे मुसलमान बहुसंख्य असून ख्रिस्ती व द्रुझही पिढ्यान्‌पिढ्या राहतात.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सन्हेद्रिन ही ज्यूंची धर्मसभा काही काळ येथे भरत असे. अठराव्या शतकात गॅलिलीचा अरब सत्ताधीश जाहिर अल्-उमर ह्याच्या मुलाने, उस्मानने, येथे गढी बांधली. पुढे ज्यू कुटुंबे गाव सोडून गेली. त्यांचे जुने प्रार्थनागृह मात्र उभे आहे. जुलै १९४८ मध्ये इस्राएली सैन्याने गाव घेतले. आसपासच्या उद्ध्वस्त खेड्यांतील विस्थापितही येथे स्थिरावले.

ह्यानंतर शेजाराची कसोटी बाहेरून लागू लागली. १९५६ पासून द्रुझ पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची झाली. मुसलमान आणि ख्रिस्ती अरबांना ती सक्ती नव्हती. १९५७ मध्ये द्रुझांना स्वतंत्र धर्मसमुदाय म्हणून मान्यता मिळाली. एकाच गल्लीत वाढलेल्या मुलांपैकी एकाच्या अंगावर गणवेश आला. (रामा ह्या अशाच मिश्र गावचे द्रुझ कवी समीह अल्-कासिम ह्यांनी ह्या सक्तीला विरोध केला होता, हे साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावे.) राज्यसंस्था नागरिकांची वर्गवारी करते तेव्हा शेजाऱ्यांनाही एकमेकांकडे त्या वर्गवारीतून पाहण्याची सवय लागते.

ही सवय किती घातक ठरते ते फेब्रुवारी २००५ मध्ये गॅलिलीतल्याच मघार गावी दिसले. एका ख्रिस्ती तरुणाने द्रुझ मुलींची बनावट चित्रे इंटरनेटवर टाकल्याची अफवा उठली आणि जमावाने ख्रिस्ती वस्तीतील घरे, दुकाने, मोटारी जाळल्या. शेकडो ख्रिस्ती लोकांना गाव सोडावे लागले. अफवा खोटी होती. तेथेही पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार होताच. एका अफवेपुढे तो टिकला नाही.

त्याच वर्षी ४ ऑगस्टला, गाझातील वसाहती हटविण्यास विरोध असलेल्या एका पळून आलेल्या ज्यू सैनिकाने शफाअम्रमध्ये बसमध्ये गोळीबार केला. दोन मुसलमान बहिणी आणि दोन ख्रिस्ती पुरुष मारले गेले. घटना घडली ती द्रुझ वस्तीत. पंतप्रधान शॅरन ह्यांनी ह्या कृत्याला दहशतवादच म्हटले. संरक्षण खात्याने मात्र तत्कालीन कायद्यावर बोट ठेवून, मारेकरी शत्रुपक्षीय नसल्याने मृतांना दहशतवादाचे बळी मानण्यास नकार दिला. गोळीने वर्गवारी मोडली होती, कागदाने ती पुन्हा मांडली.

तथापि खरा नैतिक पेच पुढचा आहे. मारेकरी जेरबंद झाल्यावर जमावाने बसमध्ये शिरून त्याला ठार केले. मघारमध्ये फुटलेला शेजार येथे एकवटला होता, असे म्हणण्याचा मोह होतो. मला ते मान्य नाही. आपल्यातल्यांच्या मृत्यूने एक होणे आणि हात बांधलेल्या माणसाला मारण्यासाठी एक होणे, ह्यांतील अंतर शोकाने कमी होत नाही. २०१३ साली काही गावकऱ्यांना शिक्षा झाल्या. खुनी स्वतः सैनिक होता, मग आरोपीच्या पिंजऱ्यात आमचीच माणसे का, हा गावाचा प्रश्न कटू असला तरी पोकळ नव्हता. तरीही त्या बसमध्ये मारेकऱ्याला जमावापासून वाचवताना जखमी झालेले पोलीस होते. कोणाच्याही शेजाराचे नाते नसलेल्या एका माणसासाठी ते मध्ये उभे राहिले होते.