मागे झोपलेली माणसं

मामांनी दोन्ही कागद ओट्यावर शेजारी शेजारी मांडले आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर अडकित्ता ठेवला. मोबाइलवर वाचलेलं त्यांना वाचल्यासारखं वाटत नाही, म्हणून देवपुरातल्या झेरॉक्सवाल्याकडून मी प्रिंट काढून आणल्या होत्या.

पहिला कागद एका चार्टर कंपनीचा होता. सहवैमानिकाची जागा. पहिले सहा महिने दरमहा २५ हजार ‘विद्यावेतन’, त्यानंतर जितके तास उडशील तितके पैसे, आणि तीन वर्षांच्या आत सोडलंस तर दहा लाख भर. दुसरा कागद पुण्यातल्या एका क्लासचा. वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांना लेखी परीक्षेसाठी हवामान आणि नेव्हिगेशन शिकवायचं, महिना ६० हजार. शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात : महिन्यातून दोन रविवार पालक मेळाव्यास गणवेशात उपस्थित राहणे.

माझा हप्ता ६२ हजारांचा आहे. कर्ज ४५ लाख, मुदत दहा वर्षं. उरलेल्या पैशांसाठी शिंदखेड्याकडची आमची दोन एकर कोरडवाहू गेली. परवान्याला लागणारे २०० तास उडून झाले, मग एटीआर जातीच्या विमानासाठीचं टाइप रेटिंग झालं, मग एका छोट्या कंपनीत नोकरी लागली. ती आठ महिने टिकली. एका संध्याकाळी मेल आला की पुढील सूचनेपर्यंत उड्डाणं स्थगित. पुढील सूचना अजून यायची आहे.

“दुसरीकडं घेत नाहीत का? लालपरी चालवणाऱ्याला शिवशाहीवर बसवतात की,” मामा म्हणाले. धुळे आगारात एकोणतीस वर्षं ड्रायव्हर होते ते. २०२३ मध्ये निवृत्त झाले.

“विमानात तसं नसतं, मामा. एटीआरचं रेटिंग एअरबसला चालत नाही. त्यासाठी पुन्हा पंधरा-वीस लाख लागतात.”

“आणि घरी बसलास तर परवाना?”

“कागदावर राहतो. पण दरवर्षी मेडिकल, दरवर्षी इन्स्ट्रुमेंटची चाचणी, तिचा खर्च. नव्वद दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग झाली नाहीत, तर प्रवासी घेऊन उडता येत नाही.”

“म्हणजे तुझा परवाना दुभत्या म्हशीसारखा. दूध देवो न देवो, चारा रोज.”

मी हसलो नाही. गेले चार महिने विनोद समजायला मला वेळ लागतो.

मामांनी पहिला कागद उचलला. “यात सही करावी असं तुला वाटतंय.”

“वाटतंय. उडायला मिळेल. पैसे नाहीत हे खरं, पण पहाटे मुंबईहून निघाल्यावर सह्याद्री ओलांडताना खाली ढग दऱ्यांत दुधासारखे भरलेले असतात आणि डोंगरांचे फक्त माथे वर असतात. तेव्हा वाटतं, याचे पैसे उलट मीच द्यायला हवेत.”

“दिलेस की. पंचेचाळीस लाख.”

“थट्टा नको. कामातला आनंद हाही मोबदल्याचाच भाग नाही का? क्लार्कला तो मिळत नाही, मला मिळतो. मग त्याला जास्त आणि मला कमी, हे इतकं अन्यायाचं आहे का?”

मामा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. उपदेश करायला आपल्याला आवडत नाही असं ते नेहमी सांगतात. आवडतो. पण त्याआधी ते थांबतात, हा त्यांचा मोठेपणा.

“माझ्याकडं साक्रीच्या पुढची मुक्कामी गाडी होती, सहा वर्षं,” ते म्हणाले. “रात्री नऊला गावात पोचायची, पहाटे पाचला निघायची. गाडीतच झोपायचं. तिथली एक म्हातारी रोज माझ्यासाठी भाकरी ठेवायची. तव्यावरची, फडक्यात बांधलेली. त्या गावानं मला जो मान दिला तो सख्ख्या भावानं दिला नाही. तो मोबदला होता का? होता. पण आगारप्रमुखानं कधी म्हटलं नाही की, तुला गावात भाकरी मिळते, म्हणून पगारातून दोनशे कापतो. भाकरी म्हातारीची होती. ती वजा करायचा हक्क महामंडळाला नव्हता.”

“इथं कुठे कोणी कापतंय?”

“हे विद्यावेतन म्हणजे दुसरं काय? तुला विमान आवडतं हे त्यांना कळलंय. तेवढं त्यांनी वजा केलं. तुझे ढग तुझ्याच खात्यातून कापले.”

यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही. आनंद आपला असतो, कुणी दिलेला नसतो, आणि तरी भाव ठरवताना समोरचा तो आपल्या बाजूनं मांडतो, हे मला कधी दिसलं नव्हतं. पण मी हट्टानं म्हणालो, “मी नाही गेलो तर दुसरा जाईल. माझ्या बॅचची किमान दहा मुलं रांगेत आहेत. माझ्या नकारानं भाव वाढत नाही, फक्त मी घरी बसतो.”

“हे मला सांगू नकोस. हे मी केलंय.”

एसटीचा संप झाला तेव्हाची गोष्ट. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला तो संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. महामंडळ सरकारात विलीन करा ही मागणी होती, आणि त्यामागे थकलेल्या, तुटपुंज्या पगारांची वर्षं होती. मामा संपात होते हे मला माहीत होतं. घर कसं चाललं, ते कधी बोलले नव्हते.

“डिसेंबरात घरातलं संपलं. शेजारच्या गावात एकाची पिकअप होती, कांदा वाशीला जायचा. त्याच्या ड्रायव्हरला तो फेरीला दोन हजार द्यायचा. मी म्हणालो, हजारात जातो. गेलो. पंधरा दिवसांनी आमच्याच आगारातला एक जण त्याला म्हणाला, सातशेत जातो. आणि तो आधीचा, दोन हजारवाला, त्याच्या लेकराच्या शाळेची फी तटली. अजूनही बाजारात समोर आला की तो रस्ता बदलतो.”

“पण तुमचा इलाज नव्हता.”

“नव्हताच. भुकेला इलाज नसतो, हे मी स्वतःला रोज सांगतो. तो रस्ता बदलतो तेव्हा मात्र ते पुरत नाही.” थोडं थांबून ते म्हणाले, “आपण सरकारविरुद्ध दरासाठी बसलो होतो, आणि दुसऱ्याचा दर मीच पाडला. दोन्ही एकाच महिन्यात.”

मामींनी चहा आणला. दोन्ही कागदांकडे पाहून म्हणाल्या, “जास्त पैसे कशात आहेत त्यावर सही कर आणि जेवायला चल.” खरं तर इतकं सरळ उत्तर त्या संध्याकाळी दुसरं कुणी दिलं नाही.

चहा पिता पिता मामांनी विचारलं, “तुमची कंपनी बुडाली कशानं? विमानं तर भरून जात होती म्हणत होतास.”

मी सांगितलं. उडान योजनेच्या मार्गावर विमानातल्या साधारण निम्म्या जागांचं भाडं तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपास बांधलेलं होतं. तूट सरकार भरून देतं, पण तीन वर्षं. त्यानंतर मार्ग आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे. पुष्कळ मार्ग राहत नाहीत. आणि मोठ्यांचं तरी काय? किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरात थांबली, जेट १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. एकाचं कर्ज, दुसऱ्याची इंजिनं, कारणं वेगवेगळी. सकाळी ड्युटी लागलेली माणसं संध्याकाळी बेकार, हे मात्र सगळीकडे सारखंच.

“आणि तुम्हाला नोकरी सोडायची तर?”

“२०१७ च्या नियमानं सहवैमानिकानं सहा महिने आधी सांगायचं. कॅप्टननं वर्षभर आधी. प्रवाशांची गैरसोय होऊ नये म्हणून.”

मामा इतक्या मोठ्यानं हसले की समोरचं कुत्रं उठून बसलं. “आमच्याकडंही तिकीट स्वस्त केलं की टाळ्या होतात. बायांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. चांगलंच आहे, तुझी मामी आता माहेरी महिन्यातून दोनदा जाते. पण स्वस्त तिकिटाचा उरलेला भाग कुणीतरी भरतंच. सरकार वेळेवर भरत नाही तेव्हा तो ड्रायव्हरच्या घरातून भरला जातो.”

मला एकदम बफेलो आठवलं. अमेरिकेतलं. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री तिथं उतरताना एका प्रादेशिक कंपनीचं टर्बोप्रॉप विमान कोसळलं. आतले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. आमच्या प्रशिक्षणात तो अपघात शिकवतात. वेग घटल्याचा इशारा यंत्र देत होतं, दांडा पुढे करायला हवा होता, कॅप्टननं मागे ओढला. शिकवताना विषय तिथंच संपतो.

“सहवैमानिक मुलगी होती, मामा. चोवीस वर्षांची. नोकरी पूर्व किनाऱ्यावर, घर पश्चिम किनाऱ्यावर आईवडिलांकडे. आदल्या रात्री ती विमानांतून अख्खा देश ओलांडून ड्युटीवर आली होती. नोकरीच्या गावी तिची भाड्याची खोलीही नव्हती.”

“पगार?”

“वर्षाला पंचवीस हजार डॉलरच्या आत.”

“झोपली कुठं?”

त्यांनी हा प्रश्न विचारला याचं मला नवल वाटलं. चौकशी मंडळालाही हाच पडला होता. “विमानात बसल्या बसल्या. आणि मग क्रूच्या खोलीत, सोफ्यावर.”

मामांनी अडकित्ता खाली ठेवला.

“पण मंडळानं पगाराला कारण म्हटलं नाही,” मी घाईनं म्हणालो. “थकव्याचा परिणाम झाला असावा, किती ते ठरवता येत नाही, एवढंच म्हटलं. आणि ते बरोबर आहे. नाहीतर गरीब माणसाच्या हातात गाडी दिली की धोका, असं होईल. मग तुम्हीही धोकादायक होतात.”

मी चुकीचं बोललो हे लगेच कळलं. मामांच्या खिशाला अनेक वर्षं विनाअपघात सेवेचा बिल्ला असायचा. आता तो देव्हाऱ्याशेजारी काचेत आहे.

ते रागावले असतील असं वाटलं. पण ते हळू आवाजात म्हणाले, “होतो. एकदा. ताईच्या इंजिनिअरिंगची फी भरायची होती, म्हणून डबल ड्युटी मागून घेतली. अंगात ताप होता. कसारा घाटाच्या वर डोळा लागला. किती वेळ, देव जाणे. चाक खडीवर गेलं त्या आवाजानं जाग आली. आरशात पाहिलं, सगळे झोपलेले. चव्वेचाळीस माणसं. कंडक्टरसुद्धा. कुणाला कळलंच नाही. बिल्ल्यावर ते लिहिलेलं नाही.”

मग मीही सांगितलं, जे आईला सांगितलेलं नाही. पगार दोन महिने थकला होता तेव्हा एका उड्डाणात मी मनातल्या मनात हप्त्याची जुळवाजुळव करत होतो. कंट्रोलनं दिलेली उंची मी ऐकली नाही. कॅप्टननं ऐकली, उत्तर दिलं, आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. ओरडले नाहीत. त्यांचाही पगार थकलेला होता.

“पगार कशाचा असतो, मला त्या दिवशी कळलं,” मामा म्हणाले. “स्टिअरिंग फिरवण्याचा नसतो. मागच्यांना झोपता यावं म्हणून असतो. त्यांनी झोपायचं, तर माझ्या डोक्यात फीचा आकडा नको.”

“मग आकडा डोक्यात असताना मी उडू नये, असं म्हणताय?”

“मी कुठं काही म्हणतोय. मी तर चालवली गाडी. आणखी बारा वर्षं.”

याच जागी मला त्यांचा राग येतो. ते दार उघडून दाखवतात आणि स्वतः उंबऱ्यावर बसतात. मी जरा तिरकसपणे म्हणालो, “हडसन नदीत विमान उतरवून १५५ जणांना वाचवणारे कॅप्टन सलेनबर्गर. जानेवारी २००९. पुढच्याच महिन्यात अमेरिकी संसदेसमोर त्यांनी सांगितलं की त्यांचा पगार चाळीस टक्के कापला गेलाय आणि पेन्शन गेली. आपल्या मुलांनी या धंद्यात यावं असं वाटणारा एकही वैमानिक आपल्याला माहीत नाही, असंही म्हणाले. वीरालाही हेच, तर माझं काय!”

“मुलांनी यावं असं वाटत नाही, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं?”

“हो.”

मामांनी दुसरा कागद उचलला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “आणि तू रविवारी गणवेशात काय सांगणार?”

तिथपर्यंत मी त्या ओळीकडे नीट पाहिलंच नव्हतं. पहिल्या कागदात माझी फसवणूक होती, ती मला दिसत होती, तिच्याशी मी भांडत होतो. दुसऱ्यात पैसे बरे होते, म्हणून तो निरुपद्रवी वाटला होता. तीन वर्षांपूर्वी अशाच एका मेळाव्यात नाशिकच्या हॉटेलात मी बाबांच्या शेजारी बसलो होतो. व्यासपीठावर पांढऱ्या शर्टातला एक तरुण होता, खांद्यावर पट्टे. तो काय बोलला ते आठवत नाही. बाबा त्याच्या खांद्यांकडे पाहत होते, ते आठवतं. त्यानंतर आठवड्याभरात दोन एकरांचा सौदा झाला. तो तरुण तेव्हा कुठे नोकरीला होता, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

“शिकवण्यात वाईट काय आहे?” मी म्हणालो. “हवामान खरं आहे. नेव्हिगेशन खरं आहे. विमानं तर उडणारच, कुणीतरी उडवणारच.”

“शिकव की. मी शर्टाचं विचारतोय.”

रात्री अकराला मी क्लासच्या सरांना फोन लावला. विचारलं, मेळाव्यात मी माझा हप्ता सांगितला तर चालेल का? आणि नोकरी किती महिने टिकली ते? ते मनमोकळे गृहस्थ आहेत. म्हणाले, “पालकांनी विचारलं तर जरूर सांगा. आपण होऊन कशाला?” मग मी म्हणालो, शिकवायला येतो, रविवारी येत नाही. पलीकडे थोडी शांतता. मग म्हणाले, “मग पंचेचाळीस होतील, सर.”

पहिल्या कागदावर मी सही केली नाही. हे तत्त्वानं केलं की ४५ हे २५ पेक्षा मोठे असतात म्हणून, याची मी खूप उलटतपासणी केली आणि निकाल लागला नाही. आठवड्यानं कळलं, त्या जागेवर माझ्याच बॅचचा मित्र गेला. त्यानं कॉकपिटमधला फोटो टाकला, खाली ढग, वर माथे. मी त्याला अभिनंदन लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं. थोडी जळजळही होती, तीही खोटी नव्हती.

पण त्या रात्री फोन ठेवून मी ओट्यावर परत आलो तेव्हा मामा जागेच होते. आकडा सांगितला. त्यांनी बोटांवर हिशेब केला.

“बासष्टातून पंचेचाळीस गेले. सतरा कमी पडतात.”

“हो.”

“शर्ट पंधराचा निघाला म्हणायचा.” त्यांनी उशाखालून आपला जुना बटणांचा फोन काढला आणि चष्मा शोधू लागले. “तो कांद्याच्या पिकअपवाला अजून माझा फोन उचलतो. उन्हाळी कांदा निघालाय. रविवारी तू मोकळाच आहेस ना?”

“मामा, दर काय देतो तो?”

“आधी आता त्याच्याकडं कोण जातंय, ते विचारू,” मामा म्हणाले, आणि नंबर दाबू लागले.