निसटला, हे आधी सांगा

रॅली हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या राजधानीचं शहर. २८ जून २०२१ रोजी संध्याकाळी शहराच्या वायव्य भागातल्या एका घराच्या ओट्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक साप दिसला. पोलिसांना फोन गेला. पण ते शोधायला लागेपर्यंत साप नाहीसा झाला होता. फोटोवरून ओळख पटली ती झेब्रा कोब्राची. हा आफ्रिकेच्या नैऋत्य टोकाकडचा, नामिबिया आणि दक्षिण अंगोलातला नाग. तो चावतो आणि दुरून विष थुंकतोही. ते विष डोळ्यांत गेलं तर दृष्टीला धोका असतो. त्या भागात हा साप निसर्गतः असण्याची शक्यताच नव्हती. म्हणजे तो कोणाच्या तरी घरातून आला होता.

पुढचे दोन दिवस अख्खी वस्ती जीव मुठीत धरून होती. उन्हाळ्याच्या सुटीचे दिवस, पण मुलं घरात. पोलिसांनी सगळ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: साप दिसला तर जवळ जाऊ नका, त्याला पकडायला किंवा मारायला जाऊ नका, आम्हाला कळवा. ३० जूनला तो पुन्हा एका घराच्या ओट्यावर दिसला. लोकांनी ऐकलं आणि कळवलं. प्राणी नियंत्रण विभागाच्या माणसांनी त्याला जिवंत पकडलं. कोणाला इजा झाली नाही, सापही वाचला. इथे ही गोष्ट आनंदाने संपायला हरकत नव्हती.

पण तपासात पुढे आलं ते अस्वस्थ करणारं आहे. तो नाग आदल्या दिवशी किंवा आदल्या आठवड्यात निसटलेला नव्हता. तो नोव्हेंबर २०२० पासून बेपत्ता होता. त्याला पाळणारा एकवीस वर्षांचा तरुण त्याच भागात राहत होता, आणि सात महिने त्याने अधिकृतपणे कोणालाही काही कळवलं नव्हतं. दरम्यान मार्च २०२१ मध्ये त्याच तरुणाला त्याच्याकडच्या ग्रीन माम्बा या विषारी सापाने दंश केला. त्याचा जीव वाचवण्यासाठी शेजारच्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या रिव्हरबँक्स प्राणिसंग्रहालयाने आपल्या साठ्यातलं प्रतिविष दिलं. विष काय करतं हे त्याने स्वतःच्या शरीरावर अनुभवलं. तरीही हरवलेल्या नागाची खबर बाहेर आली नाही.

नॉर्थ कॅरोलायनात विषारी साप पाळायला त्या वेळी बंदी नव्हती, मात्र अटी होत्या. पेटी भक्कम आणि कुलूपबंद हवी, तिच्यावर सापाचं नाव हवं, दंश झाला तर काय करायचं आणि प्रतिविष कुठे मिळेल हे लिहून ठेवलेलं हवं. आणि साप निसटला तर ताबडतोब पोलिसांना कळवलं पाहिजे. त्या तरुणावर चाळीस आरोप ठेवले गेले. पुढे न्यायालयात त्याने एक गुन्हा कबूल केला: साप निसटल्याचं कळवलं नाही. त्याला परिवीक्षेची शिक्षा झाली आणि शोधमोहिमेचा तेरा हजार डॉलरहून अधिक खर्च भरून द्यावा लागला.

चाळीस आरोपांमधून शेवटी हाच एक गुन्हा उरला, हे मला महत्त्वाचं वाटतं. कायद्याच्या दृष्टीने त्याची कारणं काहीही असोत, नीतीच्या दृष्टीने दोष नेमका तिथेच होता. साप निसटतात. पेटीचं झाकण बोटभर सरकलेलं राहिलं तरी त्यातून डोकं बाहेर जातं आणि मग मागोमाग अख्खं शरीर. नीट काळजी घेणाऱ्याच्या घरातही असं घडू शकतं. हलगर्जी असेल तर ती वाईटच. पण ती एका क्षणाची असते. मौन मात्र रोज नव्याने पाळावं लागतं. रोज सकाळी उठून, शेजारच्या मुलांना सायकल चालवताना पाहून, आजही सांगायचं नाही असं ठरवावं लागतं. सात महिन्यांच्या मौनात असे दोनशेहून अधिक निर्णय असतात.

या मौनाचा पहिला बळी स्वतः तो प्राणीच असतो. कुत्रा हरवला तर हाक मारता येते. तो नाव ओळखतो, वास काढत परत येतो. सापाला नाव कळत नाही. आपण हरवलो आहोत हेही त्याला ठाऊक नसतं. तो फक्त ऊब, ओलावा, अंधार आणि आडोसा शोधत जातो. त्यामुळे त्याला शोधण्याचं जवळजवळ सगळं साधन पाळणाऱ्याच्या माहितीत असतं: जात कोणती, लांबी किती, विषारी की बिनविषारी, दिवसा हालचाल करतो की रात्री, शेवटचं कधी खाल्लं, कात टाकायला आला आहे का. अनुभवी माणसं ती खोली लगेच बंद करतात, दाराखालच्या फटीत कपडा कोंबतात, मोरीचं तोंड झाकतात. साप बहुधा पहिल्या काही तासांत फार लांब जात नाही, म्हणून फ्रिजमागची उबदार जागा, वॉशिंग मशीनचा तळ, कपाटामागची फट आधी पाहतात. रात्री उंबऱ्यापाशी पिठाचा पातळ थर पसरून ठेवतात, म्हणजे तो कुठून कुठे गेला ते सकाळी उमटलेलं दिसतं. साप विषारी असेल तर मात्र हे सगळं स्वतः करायचं नसतं. घरातल्यांना बाहेर काढून जाणत्या माणसाला बोलवायचं असतं. या सगळ्याला वेळेचं बंधन आहे. पहिल्या रात्री शोध एका खोलीपुरता असतो, आठवड्याने इमारतीभर पसरतो आणि महिन्याने त्याला हद्दच उरत नाही. न सांगणारा माणूस आपणच पाळलेल्या जिवाच्या सुटकेची वाट बंद करत असतो.

दुसरा बळी शेजार. समोर आलेला प्राणी कोणता हे ज्याला ठाऊक नाही, तो आपल्या भीतीप्रमाणे वागतो. भारतात ती भीती निराधार नाही. २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हा आकडा ज्या समाजात घराघरांतून भोगला गेला आहे, तिथे अंगणात साप दिसल्यावर कोणाचा हात काठीकडे गेला तर त्याला क्रूर म्हणणं मला जमत नाही.

आता हीच घटना आपल्या एखाद्या सोसायटीत घडल्याचं पाहू. पुण्या-मुंबईत हौसेने बॉल पायथन पाळणारे आहेत. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा अजगर बिनविषारी आणि भित्रा. घाबरला की अंगाचा गोळा करून डोकं आत लपवतो. पण त्याच्या अंगावरचे तपकिरी ठिपके आणि जाडसर शरीर जिन्याखालच्या अर्धवट उजेडात पाहणाऱ्याला घोणसच वाटेल. घोणस म्हणजे काय हे महाराष्ट्राला सांगायला नको. तो अजगर काठीने मरेल आणि मारणाऱ्याला आपण इमारत वाचवली असंच वाटेल. चूक त्याची नसेल. तिसऱ्या मजल्यावर ज्याला खरं ठाऊक होतं आणि जो गप्प बसला, त्याची असेल. विषारी परदेशी साप असेल तर परिस्थिती आणखी बिकट. आपल्या रुग्णालयांत मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनवलेलं असतं. आफ्रिकेतल्या नागाच्या दंशावर त्याच्या भरवशावर राहता येत नाही. डॉक्टरला साप कोणता हे कळलंच नाही, तर त्याने काय करावं?

तिसरा बळी आपल्या सहसा लक्षात येत नाही: इथली भूमी. निसटलेला साप सर्पमित्राच्या हाती लागला, त्याने तो इथलाच समजून जवळच्या रानात सोडला, तर सद्भावनेने केलेलं कामही घातक ठरू शकतं. परका प्राणी नव्या जागी बहुधा मरतो. पण जगला आणि वाढला तर काय होतं, ते फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत दिसतं. आपल्या आशियातला बर्मीज अजगर तिथे पाळीव प्राणी म्हणून गेला. काही निसटले, काही झेपेनात म्हणून गुपचूप सोडून दिले गेले. ऑगस्ट १९९२ मधल्या अँड्रू चक्रीवादळाने अजगरांची पैदास करणारं एक केंद्रही उद्ध्वस्त केलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अजगर सर्वांत आधी रुजले त्या भागात रकून नावाचे प्राणी दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटल्याची नोंद आहे. २०१७ मध्ये तमिळनाडूतून मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल हे इरुळा जमातीतले दोन निष्णात सर्पधारक अजगर शोधायला तिथे गेले. त्यांनी मोठाले अजगर पकडूनही दिले. पुढे दोघांना पद्मश्री मिळाली. त्यांचं कौशल्य थक्क करणारं आहे. पण जे नुकसान कित्येक घरांतल्या मौनांनी मिळून केलं, ते दोन माणसांच्या कौशल्याने भरून निघणारं नव्हतं.

मग माणसं गप्प का बसतात? बहुतेकदा दुष्टपणामुळे नव्हे. ती घाबरतात. पोलीस येतील, घरमालक घराबाहेर काढेल, सोसायटीच्या बैठकीत नाव निघेल, उरलेले प्राणीही जप्त होतील. त्यात लाजही असते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. स्वतःच्या अब्रूपुरतं ते कदाचित चालत असेल. पण ज्या मुठीत दुसऱ्याचा जीव आहे, ती झाकून ठेवण्याचा हक्क कोणालाच नाही.

म्हणूनच या प्रश्नाची दुसरी बाजू आपल्यावर, म्हणजे समाजावर येते. खरं सांगणाऱ्याचं जे होईल ते न सांगणाऱ्यापेक्षा वाईट असेल, तर आपणच लोकांना मौन शिकवत असतो. फ्लोरिडाने यातून धडा घेतला. झेपेनासा झालेला परदेशी प्राणी रानात सोडण्याऐवजी आणून द्या, दंड होणार नाही, आम्ही त्याला योग्य घर शोधू, अशी माफी योजना तिथल्या वन्यजीव विभागाने चालवली. आपल्याकडेही जून २०२० मध्ये केंद्र सरकारने परदेशी वन्यजीव बाळगणाऱ्यांना स्वेच्छेने माहिती देण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली होती; त्या मुदतीत माहिती देणाऱ्यांकडे प्राणी कुठून आणला याची कागदपत्रं मागितली जाणार नव्हती. पुढे वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या अशा प्रजातींची नोंदणी करणं बंधनकारक झालं आणि त्यासाठी २०२४ मध्ये नियम आले. बॉल पायथन आणि हिरवा इग्वाना नावाचा सरडा हे दोन्ही त्यात येतात. आपला नाग, अजगर, घोणस किंवा तारा कासव घरात पाळणं तर गुन्हाच आहे. कायदा असा कडक असणं मला योग्य वाटतं. पण त्या कडकपणात एक दार उघडं असलं पाहिजे: प्राणी निसटताच जो स्वतःहून कळवतो, त्याला पकडलेल्या गुन्हेगारासारखं वागवू नये. नॉर्थ कॅरोलायनाच्या कायद्याने कळवणं हे कर्तव्य मानलं. त्याच्या जोडीला कळवणाऱ्याला अभय हवं.

हे अभय सरकारनेच द्यायचं असतं असं नाही. सोसायटीच्या समूहावर कोणी लिहिलं, ‘माझा साप हरवला आहे, बिनविषारी आहे, फोटो जोडला आहे, कृपया मारू नका’, तर त्याला पहिलं उत्तर काय जातं? शिव्या, थट्टा, की ‘आमच्या मजल्यावर पाहतो’? त्या पहिल्या उत्तरावर पुढचा माणूस सांगेल की लपवेल, हे ठरतं. ज्याचा साप हरवला त्याला जाब विचारायला हवा, जरूर विचारावा. पण आधी साप सापडू द्यावा. सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा, सापावर दुरून नजर ठेवावी आणि तो परदेशी असू शकतो हे येणाऱ्याला आवर्जून सांगावं.

पाळणाऱ्याचं कर्तव्य त्याहून आधी सुरू होतं. वितीएवढा हिरवागार इग्वाना दुकानात गोजिरवाणा दिसतो. तो वाढून माणसाच्या उंचीएवढा होऊ शकतो आणि पंधरा-वीस वर्षं जगू शकतो. त्याला योग्य ऊब आणि अतिनील प्रकाश मिळाला नाही तर त्याची हाडं ठिसूळ होतात. हे सगळं वीस वर्षं करण्याची तयारी नसेल तर तो आणू नये, इतकं हे साधं आहे. ज्या जिवाला आपण त्याच्या जंगलातून, त्याच्या हवामानातून आणि त्याच्या जातभाईंतून वेगळं केलं, त्याचं या परक्या शहरात आपल्याखेरीज कोणीही नाही. त्याच्यावरची मालकी बाजारात पैसे देऊन मिळते. पालकत्व मात्र पैशाने मिळत नाही आणि पेटी रिकामी झाली म्हणून संपतही नाही. उलट तो समोर असतो तेव्हा अन्नपाण्यापुरती असलेली जबाबदारी तो निसटल्यावर शेजाऱ्यांपर्यंत आणि रानापर्यंत वाढते.

झाकण उघडं राहिलं याची क्षमा मागता येते आणि ती मिळावीही. पण प्राणी निसटला हे ज्या क्षणी कळतं, त्या क्षणापासून त्याच्याविषयी जे जे आपल्याला ठाऊक आहे ते आपलं उरत नाही. ते त्या जिवाचं असतं, शेजारच्या मुलांचं असतं, शोधायला येणाऱ्या माणसाचं असतं. ते त्याच दिवशी ज्याचं त्याला देऊन टाकावं.